आठवडे मागे मोजून तारीख काढायची बिनचूक रीत कोणती?

पायथ्याची ताई (शिरपूर तालुका)

सगळ्यांना नमस्कार. मी आशाताईंची गटप्रवर्तक आहे. माझ्याकडची बरीच गावं सातपुड्याच्या पायथ्याला, काही पाडे वर डोंगरात. प्रश्न साध्या गणिताचा आहे, पण बाळंतपणाची तारीख त्यावरच ठरते, म्हणून जरा सविस्तर मांडते.

बाई सोनोग्राफी करून येते. कागदावर लिहिलेलं असतं, समजा, १४ मार्च २०२५ रोजी गर्भ २० आठवडे ४ दिवसांचा. कार्डावर मात्र शेवटच्या पाळीच्या तारखेची जागा कोरी. ती मागे मोजून काढायची. कुणी २० आठवडे म्हणजे पाच महिने धरतं, वर चार दिवस सोडतं आणि १० ऑक्टोबर लिहितं. दोघी जणी दिनदर्शिकेवर बोट ठेवून मोजतात, तर त्या दोघींच्या उत्तरात नेमका एका आठवड्याचा फरक येतो.

मोबाईलवर टाका असं कृपया लगेच सांगू नका. वर पाड्यावर रेंज नसते. आणि मोबाईलनं दिलेलं उत्तर बरोबर आहे का हे ओळखायला रीत हाती असावीच लागते. कागद-पेन्सिलीवर दोन मिनिटांत होईल आणि सातवी-आठवी शिकलेल्या ताईला दुसऱ्या ताईला शिकवता येईल, असं काही सांगा.

गणिताचे नाना (अमळनेर)

ताई, प्रश्न फार मोलाचा विचारलात. शाळेत आम्ही पुढे मोजायला शिकवतो, मागे मोजायला शिकवत नाही.

एकदम वीस आठवडे मागे जाऊ नका. चार-चार आठवड्यांनी जा. चार आठवडे म्हणजे २८ दिवस. नियम एवढाच: मागच्या महिन्याची तीच तारीख घ्या आणि त्या मागच्या महिन्याचे २८ च्या वर जितके दिवस असतील तितके तारखेत मिळवा. महिना ३१ चा असेल तर ३, ३० चा असेल तर २, फेब्रुवारी असेल तर काही नाही, लीप वर्षाचा फेब्रुवारी असेल तर १.

तुमचंच उदाहरण घेऊ. १४ मार्च २०२५ पासून मागे:
चार आठवडे: १४ फेब्रुवारी.
आठ आठवडे: १४ जानेवारी अधिक ३, म्हणजे १७ जानेवारी.
बारा आठवडे: १७ डिसेंबर अधिक ३, म्हणजे २० डिसेंबर.
सोळा आठवडे: २० नोव्हेंबर अधिक २, म्हणजे २२ नोव्हेंबर.
वीस आठवडे: २२ ऑक्टोबर अधिक ३, म्हणजे २५ ऑक्टोबर.
वरचे चार दिवस सोडा: २१ ऑक्टोबर २०२४.

आता पडताळा. १४ मार्चला शुक्रवार होता. पूर्ण आठवडे मागे गेलं की वार बदलत नाही, म्हणून २५ ऑक्टोबरलाही शुक्रवारच हवा. दिनदर्शिकेत बघा, आहे. त्याआधी चार दिवस म्हणजे सोमवार, आणि २१ ऑक्टोबरला सोमवार आहे. वार जुळला नाही तर मोजणी चुकली, हे कुणाला न विचारता कळतं. मला ही रीत आवडते ती याच पडताळ्यामुळे.

तारीख २८ च्या पुढची असेल तर महिना बदलायची गरजच नाही. ३० मे पासून चार आठवडे मागे म्हणजे सरळ २ मे.

पाच महिने धरणाऱ्यांची चूक कुठे होते तेही सांगतो. १४ ऑक्टोबर ते १४ मार्च हे १५१ दिवस होतात. वीस आठवडे म्हणजे १४०. तिथेच अकरा दिवस गेले.

आपल्याकडचा एक सराव मुलांना देत असे. 'चले जाव'ची ठिणगी ९ ऑगस्ट १९४२ ला देशभर पडली, तो रविवार. नंदुरबारला शिरीषकुमार हुतात्मा झाला ९ सप्टेंबर १९४२ ला. वार कोणता? महिन्याला चार आठवडे म्हणणारा मुलगा रविवार सांगतो. मधे ३१ दिवस आहेत, म्हणजे चार आठवडे तीन दिवस, म्हणून बुधवार.

शेंदुर्णीकर

नानांची रीत उत्तम. पण दिनदर्शिकेवर मोजताना आठवड्याचा फरक का येतो, ते राहिलं. दोन कारणं आहेत.

पहिलं, आजचा वार मोजणीत धरला जातो. आज शुक्रवार आहे आणि आजच्या शुक्रवारावर बोट ठेवून 'एक' म्हटलं की 'वीस' म्हणताना तुम्ही एकोणीसच आठवडे मागे गेलेले असता. आजच्या वारावर बोट ठेवून 'शून्य' म्हणायचं, आणि मोठ्यानं म्हणायचं. 'एक' मागच्या शुक्रवारी.

दुसरं कारण महिन्याच्या सांध्यावर असतं. महिना संपतो तो आठवडा अर्धा या पानावर आणि अर्धा पुढच्या पानावर असतो. दोन्ही पानांवरच्या अर्ध्या आठवड्यांना वेगवेगळं मोजलं की प्रत्येक महिन्याला एक आठवडा जास्त होतो. म्हणून आठवड्यांचे रकाने मोजू नका. एका वाराची ओळ धरा आणि त्या ओळीतल्या तारखाच मोजा. शुक्रवार एका पानावर असतो किंवा दुसऱ्या, दोन्हीकडे तोच शुक्रवार कधी नसतो.

आणि आपल्या बोलण्यातले 'आठ दिवस' आणि 'पंधरा दिवस' जपून घ्या. या मंगळवारी बाजार झाला आणि पुढचा बाजार 'आठ दिवसांनी' असं आपण म्हणतो, मधे दिवस सातच असतात. पंधरा दिवस म्हणजे चौदा. बाईनं 'तीन वेळा पंधरा-पंधरा दिवस झाले' असं सांगितलं तर ४५ लिहू नका, ४२ लिहा.

केळीबाग (रावेर)

विषय बाळंतपणाचा आहे, त्यात शेतीचं घालतो म्हणून राग नसावा, पण आमचं सगळं पीक याच मोजणीवर चालतं.

बागेत सगळे घड एकाच दिवशी निसवत नाहीत, म्हणजे झाडातून बाहेर पडत नाहीत. कापणीला घड निवडताना तो किती आठवड्यांपूर्वी निसवला हे माहीत हवं, नाहीतर कोवळा माल जातो किंवा झाडावर पिकायला लागतो. निसवल्यापासून कापणीपर्यंत साधारण तीन ते चार महिने, थंडीत जास्त. हे महिन्यात मोजून भागत नाही. म्हणून आम्ही दर आठवड्याला वेगळ्या रंगाची फीत बांधतो. या आठवड्यात निसवलेल्या घडांना लाल, पुढच्या आठवड्याला पिवळी, मग निळी. वहीत रंग आणि त्या आठवड्याचा सोमवार लिहून ठेवतो. कापणीच्या दिवशी मजुराला तारीख सांगावी लागत नाही, 'निळी फीत कापा' एवढं पुरतं.

ताई, तुमच्या वहीतही प्रत्येक पानाच्या वर त्या आठवड्याच्या सोमवारची तारीख आधीच लिहून ठेवली तर मागे मोजायला पानं उलटली की झालं.

हिशेबी (जळगाव)

नाना, आदर ठेवून सांगतो, तालुक्याला बसून शंभर नावांची यादी करायची असेल तर हातानं करत बसू नये. एक्सेलमध्ये पहिल्या रकान्यात सोनोग्राफीची तारीख, दुसऱ्यात आठवडे, तिसऱ्यात वरचे दिवस. चौथ्या रकान्यात तारीख वजा सात गुणिले आठवडे वजा दिवस. तारीख म्हणजे संगणकाच्या दृष्टीनं एक आकडाच असतो, त्यामुळे वजाबाकी सरळ होते आणि लीप वर्षही आपोआप धरलं जातं.

गणिताचे नाना (अमळनेर)

यादीसाठी जरूर वापरा. फक्त एक बघा, ०३/०४/२०२५ ही तारीख काही संगणक ३ एप्रिल समजतात, काही ४ मार्च. बारापर्यंतच्या तारखांना ही गफलत होते आणि दिसतही नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्या असतात. महिना अक्षरात लिहा, आणि पाचव्या रकान्यात सोनोग्राफीच्या तारखेचा वार छापून घ्या. तो वार सोनोग्राफीच्या कागदावरच्या वाराशी ताडून पाहता येतो.

पायथ्याची ताई (शिरपूर तालुका)

नाना, चार-चार आठवड्यांची रीत काल बैठकीत फळ्यावर मांडली. दोन उदाहरणांत जमली. शेंदुर्णीकर, 'शून्य' मोठ्यानं म्हणण्याचं फार उपयोगी पडलं.

आता अवघड भाग. वर पाड्यावरच्या कितीतरी बायांची सोनोग्राफी उशिरा होते. तारीख विचारली तर आठवत नाही, आणि आठवावी का, त्यांच्या घरात तारखेचं काम पडतच नाही. त्यांना बाजार आठवतो, होळी आठवते, माणसं कामावरून कधी परत आली ते आठवतं. त्यावरून तारखेपर्यंत कसं पोहोचायचं?

जुनी सिस्टर (धुळे)

ताई, माझी सगळी नोकरी आरोग्य उपकेंद्रांवर गेली, त्यामुळे यावर मनापासून लिहिते.

'तारीख काय' हा प्रश्नच विचारायचा नाही. आमच्याकडे अहिराणीत विचारायचे, "पाळी येल व्हती तधळपाईन कितला बजार व्हयनात?" म्हणजे पाळी आली होती तेव्हापासून किती बाजार झाले? तुमच्याकडे पावरी बोलतात, तुमच्या ताया त्यांच्या बोलीत विचारतील. बाजाराचा वार गावात पिढ्यानपिढ्या ठरलेला असतो, तो कुणी विसरत नाही. बाजार कळला की वार कळला, आणि वार कळला की फक्त आठवड्यांची संख्या उरते.

पण संख्या तीन-चारच्या पुढे गेली की आठवण अंधुक होते. मग सण मधे आणायचा. तुमच्या भागासाठी भोंगऱ्यासारखी पक्की खूण दुसरी नाही. होळीच्या आधीच्या आठवड्यात गावोगावचे बाजार भोंगऱ्याचे म्हणून भरतात. २०२५ ची होळी १३ मार्चला होती. गावचा बाजार मंगळवारचा असेल तर त्या गावचा भोंगऱ्या ११ मार्चला, दुसऱ्या कुठल्याच दिवशी नाही. सणानं आठवडा दिला, बाजारानं वार दिला, दोन्ही मिळून एकच तारीख उरली.

समजा १ जुलैला, मंगळवारी, बाई सांगते की भोंगऱ्यानंतरच्या दुसऱ्या बाजाराला पाळी आली होती. इथे थांबून एक प्रश्न विचारायचाच: भोंगऱ्याचा बाजार धरून दुसरा, की तो सोडून दुसरा? धरून असेल तर १८ मार्च, सोडून असेल तर २५ मार्च. ती म्हणाली सोडून, तर २५ मार्च. तिथून १ जुलैपर्यंत ९८ दिवस, बरोबर १४ आठवडे. आता उलटं ताडा: "त्यानंतर आखाजीला किती वेळ होता?" आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, ३० एप्रिलला होती, पाच आठवडे आणि एक दिवस पुढे. ती म्हणाली, आखाजीच्या आधीच पाळी चुकली होती, तर जुळतं. आखाजीला पाळी होती असं म्हणाली तर पुन्हा सुरुवातीपासून विचारा.

दोन वेगवेगळ्या खुणांवरून एकच तारीख आली तरच कार्डावर लिहा. एकाच खुणेवरून आली असेल तर पेन्सिलीनं, आणि पुढे 'अंदाजे' असं लिहा. तो शब्द पुढच्या डॉक्टरला फार कामाचा असतो.

कानबाईची लेक (पारोळा)

सिस्टर, किती छान लिहिलंत. खाली मैदानी भागात भोंगऱ्याऐवजी कानबाई, म्हणजे घरोघरी देवी बसवण्याचा सण, धरता येते. कानबाई बसते नागपंचमीनंतरच्या रविवारी, म्हणजे वार आधीच पक्का. काही घरी पुढच्या रविवारी बसवतात, तेव्हा घरात विचारून घ्यावं.

फक्त 'मागच्या कानबाईला' म्हणजे वर्ष झालं असं धरू नये. पहिल्या रविवारचा हिशेब केला तर २०२२ ला ७ ऑगस्ट, २०२३ ला २७ ऑगस्ट, २०२४ ला ११ ऑगस्ट, २०२५ ला ३ ऑगस्ट. मधले आठवडे ५५, ५० आणि ५१. रविवार ते रविवार असल्यामुळे आठवडे पूर्णच येतात, पण बावन्न एकदाही नाहीत. २०२३ ला अधिक श्रावण आला म्हणून ते पंचावन्न. लहान बाळाचं वय सणावरून काढताना हे लक्षात ठेवावं लागतं.

तापीकाठ (शहादा)

सरळ विचारतो. मागे मोजलेल्या तारखेवरून घरात संशय निर्माण होतो, हे मी आमच्या भागात पाहिलं आहे. नवरा गुजरातेत कामाला, होळीला परत आला. सोनोग्राफीचे आठवडे मागे मोजले तर तारीख तो येण्याच्या आधीची निघते. घरचे बाईला बोल लावतात. यावर काय सांगायचं?

जुनी सिस्टर (धुळे)

हे विचारल्याबद्दल आभार. हे प्रत्येक आशाताईला पाठ हवं, आणि घरच्या पुरुषांसमोर सांगता यायला हवं.

गर्भाचे आठवडे गर्भ राहिल्या दिवसापासून मोजतच नाहीत. ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, कारण बाईला तोच दिवस माहीत असतो. गर्भ त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी राहतो. सोनोग्राफीचं यंत्रही त्याच पद्धतीनं आठवडे छापतं. म्हणजे कागदावरचे पहिले दोन आठवडे पोटात बाळ नसतानाचे असतात.

समजा नवरा ११ मार्च २०२५ ला घरी आला. १ जुलैच्या कागदावर १८ आठवडे. घरचे मागे मोजतात: २५ फेब्रुवारी. नवरा तेव्हा घरी नव्हता, आणि भांडण पेटतं. पण २५ फेब्रुवारी ही पाळीची तारीख आहे. त्यात १४ दिवस मिळवा: ११ मार्च. हिशेब पूर्ण जुळतो. शिवाय त्या महिन्यांतल्या सोनोग्राफीत आठवडा-दीड आठवडा इकडेतिकडे होऊ शकतो, पहिल्या तीन महिन्यांतली त्यापेक्षा बरीच नेमकी असते, शेवटच्या महिन्यांतली सर्वांत कमी. अशा कागदावरून कुठल्याही बाईच्या चारित्र्याचा निवाडा करणं हा अन्याय आहे, आणि आपण तिथे उभं राहून तो थांबवला पाहिजे.

तापीकाठ (शहादा)

हे छापून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायला हवं. उद्याच सरपंचांशी बोलतो.

नवी नर्स (चोपडा)

एक शंका. आम्हाला शिकवलंय की पाळीच्या तारखेत नऊ महिने सात दिवस मिळवले की बाळंतपणाची अपेक्षित तारीख येते. २१ ऑक्टोबरवरून २८ जुलै. ४० आठवडे पुढे मोजले तरी २८ जुलैच येते. पण सिस्टरांच्या उदाहरणात, २५ मार्चवरून नियमानं १ जानेवारी येते, आणि ४० आठवडे मोजले तर ३० डिसेंबर. कोणती खरी?

गणिताचे नाना (अमळनेर)

गणित तुमचं दोन्हीकडे बरोबर आहे. ४० आठवडे म्हणजे २८० दिवस, यात बदल होत नाही. नऊ महिने मात्र कोणते, यावर दिवस बदलतात. २१ ऑक्टोबरपासूनच्या नऊ महिन्यांत फेब्रुवारी येतो, ते २७३ दिवसांचे. सात मिळवले की २८०. २५ मार्चपासूनच्या नऊ महिन्यांत फेब्रुवारी नाही, ते २७५. सात मिळवले की २८२. नियम तोंडी हिशेबासाठी आहे, मूळ माप २८० दिवसांचं.

जुनी सिस्टर (धुळे)

आणि दोन दिवसांनी बाळंतपणात काही बिघडत नाही. ३७ ते ४२ आठवड्यांत केव्हाही कळा येऊ शकतात. तारीख आली नाही म्हणून गाडीची सोय लांबवू नये, एवढं घरच्यांना सांगा. अकरा दिवसांची चूक मात्र बिघडवते, कारण मग मुदत उलटल्याची खोटी भीती तरी निर्माण होते किंवा खरी लक्षात येत नाही.

पायथ्याची ताई (शिरपूर तालुका)

लसीकरणाच्या यादीलाही हेच लागू पडतं हे आता लक्षात येतंय. आपण दीड, अडीच, साडेतीन महिन्यांचे डोस म्हणतो, पण ते आहेत ६, १० आणि १४ आठवड्यांचे. सत्र ९ जुलै २०२५ ला, बुधवारी, असेल तर सहा आठवडे मागे २८ मे. २८ मे किंवा त्याआधी जन्मलेलं प्रत्येक बाळ त्या दिवशी यादीत हवं. दीड महिना धरून २५ मेपर्यंतचीच बाळं घेतली, तर पुढच्या तीन दिवसांत जन्मलेली बाळं पुढच्या सत्रापर्यंत लसीविना राहतात. शुक्रवारच्या बैठकीत याद्या पुन्हा लावते.

भुसावळकर मुलगी

माझाही प्रश्न याच धाग्यात विचारते. मी खासगी कंपनीत नोकरीला आहे, पहिलंच बाळंतपण. रजा २६ आठवडे मिळते, त्यातले बाळंतपणाआधी किती घेता येतात, आणि तो दिवस कसा काढायचा? माझी तारीख वरच्या उदाहरणासारखीच, २८ जुलै.

हिशेबी (जळगाव)

प्रसूती लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवड्यांपैकी जास्तीत जास्त ८ आठवडे अपेक्षित तारखेच्या आधी घेता येतात. नानांच्या रीतीनं: २८ जुलै, चार आठवडे मागे २८ जून अधिक २ म्हणजे ३० जून. तारीख २८ च्या पुढची, म्हणून आणखी चार आठवडे मागे सरळ २ जून. सोमवार ते सोमवार, पडताळा झाला. अर्जात डॉक्टरांच्या कागदावरची अपेक्षित तारीख लिहा, स्वतः काढलेली नको, आणि अर्जाची पोच घ्या. तब्येतीला जपा.